कुलूपवाल्याची मुलगी पहिली आली

३ ऑगस्ट

ताई,

माझं अक्षर ओळखून तू पाकीट न उघडताच बाजूला ठेवशील, म्हणून वरचा पत्ता शाळेच्या कारकुनाकडून टाइप करून घेतला आहे. राग मानू नकोस.

सहा वर्षांनी लिहिते आहे ते फक्त बातमी द्यायला. पर्यवेक्षिका झाले तरी शाळेचं वार्तापत्र अजून मीच काढते. या वेळी खरंच भरपूर मजकूर आहे. चौथीतल्या एकानं लांब उडीत बाकीच्या सगळ्या शाळांना मागे टाकलं. समूहगानाला दुसरा क्रमांक. प्रयोगशाळेचे गळके नळ अखेर बदलले. आणि आंतरशालेय गणित स्पर्धेत आपल्या सहावीतली एक मुलगी पहिली आली. एकशे चाळीस शाळांमधून पहिली. हे बक्षीस आपल्या शाळेत याआधी कधीच आलेलं नव्हतं. मोठ्या बाईंनी, म्हणजे आपल्या त्याच मुख्याध्यापिका, फाटकावर तिच्या नावाचा फलक लावला आणि दोनदा बाहेर जाऊन तो सरळ आहे ना ते पाहून आल्या. हिवाळ्यात महिनाभराचं निवासी गणित शिबिर असतं, त्यात तिला जागा मिळेल. शिबिरातून निवडलेल्या मुलांचं पुढचं सगळं शिक्षण तिथेच होतं.

मुलगी फाटकासमोरच्या कुलूपवाल्याची. तू असतानाही त्याचं दुकान तिथेच होतं. वर्गात तिला सगळे पुटपुटी म्हणतात, कारण गणित करताना तिचे ओठ हलत असतात. बाकी वेळी तिच्या तोंडून शब्द काढायचा म्हणजे गंजलेला स्क्रू फिरवल्यासारखं. माझ्या भाषेच्या तासाला ती जेमतेम काठावर पास होते.

आता एक गोष्ट, सहज. स्पर्धेच्या प्रश्नपत्रिकांचं मोहोरबंद पाकीट आपल्या ऑफिसातल्या लोखंडी कपाटात अकरा दिवस होतं. त्याच अकरा दिवसांत कपाटाचं कुलूप अडकलं, आणि उघडायला बोलावलं कोणाला, तर मुलीच्या बापाला. मी संशय घेत नाही. तारखा शेजारी शेजारी आल्या, एवढंच.

आणखी एक. वार्तापत्रात छापायला म्हणून तिच्या उत्तरपत्रिकेची प्रत मागवली. चौथ्या गणिताशेजारी समासात तिनं लिहिलंय, ‘समजा, माझं चुकलं.’ मग मुद्दाम एक चुकीचं उत्तर धरून, ते किती चुकतंय यावरून बरोबर उत्तर गाठलंय. ताई, हे वाक्य फळ्याच्या डाव्या कोपऱ्यात रोज कोण लिहायचं ते मी तुला सांगायला नको. तू शाळा सोडलीस तेव्हा ही पोर पाच वर्षांची होती. तुझ्या वर्गात ती कधीच बसलेली नाही.

तू तिला ओळखतेस का? उत्तर दिलं नाहीस तरी चालेल. वार्तापत्र वीस तारखेला छपाईला जातं.

बसगाड्यांची वेळापत्रकं आखायचं तुझं काम कसं चाललंय? काकूकडून कळलं होतं.

तुझी धाकटी


२१ ऑगस्ट

ताई,

उत्तर आलं नाही. पत्र पोचलं असेल असं धरून चालते. पोचलं नसेल तर ते कोणीतरी दुसऱ्यानं वाचलं असेल, आणि तो विचार मला बरा वाटत नाही.

वार्तापत्र छपाईला गेलेलं नाही. का ते सांगते.

मला घराची दुसरी किल्ली करून घ्यायची होती. म्हणजे तशी घाई नव्हती, पण शाळा सुटल्यावर फाटकातून बाहेर पडले ती समोरच गेले. दुकान म्हणजे दोन इमारतींमधली फट. तिन्ही भिंतींवर खिळ्यांना न कापलेल्या किल्ल्या, आणि कानशीच्या यंत्राखाली पिवळी धातूची भुकटी. मी किल्ली पुढे केली.

“हरवली का पहिली?” त्यानं विचारलं.

“नाही. असावी जवळ एखादी जास्तीची.”

“एकट्याच राहता ना बाई? मग दुसरी कोणापाशी ठेवणार?”

त्यानं साधेपणानं विचारलं असेल. पण मी एकटी राहते हे याला कोणी सांगितलं? मी विषय बदलला आणि मुलीला शिकवणी कोणाची लावली आहे ते विचारलं.

“शिकवणी कुठली हो. मी बोटांवर मोजणारा माणूस. तिच्या आईला कापडाची मापं घेण्यापुरतं येतं.”

“मग एवढं गणित आलं कुठून?”

त्यानं यंत्र सुरू केलं. त्या आवाजात बोलणं शक्य नव्हतं. यंत्र थांबल्यावर किल्ली पुसत म्हणाला, “तिलाच विचारा.”

तेवढ्यात मला दिसलं. मागच्या फळीवर, तेलाच्या डब्याआड, पाकिटांचा गठ्ठा. सगळी एकाच फिकट निळ्या रंगाची, रबरानं बांधलेली. माझी नजर गेली हे त्याच्या लक्षात आलं. त्यानं हात पुसायचं फडकं उचललं आणि त्या गठ्ठ्यावर टाकलं. हात न पुसताच टाकलं, ताई. कुलूपवाल्याला एवढी पत्रं कोण लिहितं?

दुसऱ्या दिवशी मी मोठ्या बाईंना भेटले. आरोप असा केला नाही. कुलूप अडकल्याची तारीख सांगितली, पाकीट आल्याची तारीख सांगितली आणि गप्प बसले. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. म्हणाल्या, “तुम्हाला काय म्हणायचंय ते म्हणा ना सरळ.”

मी म्हटलं, “मला काही म्हणायचं नाही. उद्या दुसऱ्या शाळेनं म्हटलं तर आपली तयारी असावी.”

त्यांनी वार्तापत्र थांबवायला सांगितलं. तो निर्णय त्यांचा होता, माझा नाही, हे तुला कळावं म्हणून लिहिते.

किल्ली छान बसते. एकदाही घासावी लागली नाही.

धाकटी


४ सप्टेंबर

ताई,

फाटकावरचा फलक काढलाय. रंग पुन्हा द्यायचाय असं मुलांना सांगितलं. मुलं काही दुधखुळी नसतात. मधल्या सुट्टीत पाचवीतली दोघं कुलूपवाल्याच्या दुकानाकडे बोट दाखवून हसत होती. पुटपुटी डबा न उघडता पायरीवर बसून होती. तिचे ओठ आता हलत नाहीत.

पुन्हा चाचणी घ्यायचं ठरलंय, ११ तारखेला. ते शाळेच्या समितीनं ठरवलं. मला विचारलं तेव्हा मी हरकत घेतली नाही, इतकंच.

आता जे लिहिते ते वाचून तू पत्र फाडशील कदाचित. सोमवारी मी सहावीची दप्तरं तपासली. सगळ्या वर्गाची तपासली, तिला एकटीला वेगळं काढायला नको म्हणून. तिच्या गणिताच्या वहीत एक निळं पाकीट होतं. मी ते माझ्या हजेरीपटात सरकवलं. तिनं पाहिलं. ती माझ्या हाताकडे पाहत राहिली.

सातच्या आकड्याला मधे आडवी रेघ. ‘ळ’चं शेपूट ओळीच्या खाली. नाव नव्हतं, पण मला नावाची काय गरज?

दोन पानं आहेत. बहुतेक सगळं गणितच आहे. एका घड्याळाचे काटे दिवसातून किती वेळा एकमेकांवर येतात, ते तू तिला विचारलंयस, आणि तिचं आधीचं उत्तर कुठे घसरलं ते समजावलंयस. तिला ‘बाळ’ म्हटलंयस. शेवटी लिहिलंयस: ‘शाळेत माझं नाव कोणालाही सांगू नकोस. विनाकारण तुझ्याकडे बोट दाखवतील.’

ज्याच्या मनात काही नसतं तो नाव का लपवतो? मी हे तुला विचारते आहे, स्वतःला नाही. तू तिला फक्त शिकवतेस, की प्रश्नपत्रिका तुझ्यापर्यंत पोचली होती? एकदा तुझ्याबद्दल तसं बोललं गेलं होतं, त्यामुळे हे माझ्या मनात येणारच.

पत्र मी अजून मोठ्या बाईंना दिलेलं नाही. माझ्या घरी कपाटात आहे. चार वेळा वाचलं. तू कोणाला इतकं सावकाश समजावून सांगतेस हे मी विसरले होते.

धाकटी


१२ सप्टेंबर

ताई,

काल चाचणी झाली.

ग्रंथालयात एक टेबल मधोमध ओढलं होतं. समोर मोठ्या बाई, समितीचे दोघं, आणि स्पर्धेच्या मंडळाकडून आलेले एक वयस्कर परीक्षक. त्यांना सारखा खोकला येत होता आणि दर वेळी ते मुलीची माफी मागत होते. देखरेखीला मी. बाहेर बाकावर कुलूपवाला, दुकान बंद करून आलेला. त्यानं धुतलेला शर्ट घातला होता, पण नखांतलं काळं गेलं नव्हतं.

पाच गणितं होती, परीक्षकांनी स्वतः काढलेली, त्यांच्याच खिशातून आणलेली. वीस मिनिटं तिनं पेन्सिल टेकवली नाही. कोरा कागद आणि खाली घातलेली मान. खरं सांगते, मला बरं वाटत होतं. माझे आडाखे चुकत नाहीत असं वाटून मी खिडकीशी जाऊन उभी राहिले.

मग ती म्हणाली, “पुटपुटलं तर चालेल का?”

परीक्षक म्हणाले, “खुशाल. मी खोकतोय, तू पुटपुट.”

आणि ती सुरू झाली. ताई, मला गणितातलं कळत नाही, पण एखादं माणूस पाठ केलेलं उतरवतंय की शोधतंय, हे मला कळतं. इतकी वर्षं निबंधांच्या वह्या तपासल्या आहेत. ती शोधत होती. खोडत होती, मागे जात होती, एकदा स्वतःशीच हसली. चार सुटली. पाचवं अर्ध्यावर आलं आणि तिनं खाली लिहिलं, ‘इथून पुढे मला येत नाही.’

परीक्षकांनी कागद डोळ्यांजवळ नेला. बराच वेळ पाहत होते. म्हणाले, “हे जिथे थांबलंय, तिथे मी आठवडाभर थांबलो होतो. माझ्या बाजूनं प्रश्न मिटला.” मग तिला विचारलं, “तुला हे कोण शिकवतं गं?”

“एका बाईंना मी पत्र लिहिते. त्या उत्तर देतात.”

“कोण बाई?”

तिनं माझ्याकडे पाहिलं. मी कपाटातल्या पुस्तकांकडे.

“नाव नाही सांगणार,” ती म्हणाली.

एवढ्यानं सगळं फिरलं. मोठ्या बाईंनी भुवया उंचावल्या. समितीतल्या एकानं विचारलं की स्पर्धेच्या आधी त्या बाईंनी काय काय पाठवलं होतं, आणि पत्रं दाखवायला हरकत काय. मुलीनं पेन्सिल दप्तरात टाकली. शेवटी ठरलं, सोमवारपर्यंत नाव सांगितलं नाही तर शाळा बक्षीस परत करेल. म्हणजे शिबिराची जागाही गेली.

बाहेर पडले तर कुलूपवाला उठून उभा राहिला. “बाई, तुम्ही ओळखता त्यांना. त्या तुमच्याच सख्ख्या बहीण.”

मी विचारलं, कधीपासून चाललंय हे. तो म्हणाला, तू शाळा सोडलीस त्या दिवशी टेबलाच्या खणाची किल्ली हरवली म्हणून त्याच्याकडे आली होतीस. पोरगी खाली बसून टाकाऊ किल्ल्यांची दातांप्रमाणे रांग लावत होती. तू तिच्याशेजारी जमिनीवर बसलीस आणि एक किल्ली काढून घेऊन विचारलंस, आता कुठली गेली ते सांग. तासभर तसं चाललं होतं म्हणे. जाताना पत्ता देऊन गेलीस. तेव्हा ती चित्रं काढून पाठवायची, मग आकडे, मग पत्रं.

“त्या दिवशी त्यांचे डोळे सुजलेले होते,” तो म्हणाला. “मी काही विचारलं नाही. आमच्या धंद्यात कोणाला विचारत नाहीत, किल्ली का हवी म्हणून.”

 शाळेच्या आतल्या पायरीवर येऊन बसले.

सोमवारी काय करायचं ते मला सुचत नाहीये. तू एकदा तरी उत्तर दे.

धाकटी


१७ सप्टेंबर

ताई,

काल सोमवार होता.

मोठ्या बाईंनी मुलीला पुन्हा विचारलं. बाप शेजारीच उभा. ती म्हणाली, “त्यांचं शनिवारी पत्र आलं. त्यात लिहिलंय, माझं नाव सांगून टाक. पण मी नाही सांगणार.”

“का?”

“सांगितलं तर तुम्ही म्हणाल, त्या तशाच आहेत. बाबांनी मला सगळं सांगितलंय. आधी एकदा म्हणाला आहात तुम्ही.”

म्हणजे माझी पत्रं तुला मिळतात. तू ती वाचतेस आणि उत्तर तिला देतेस. तिथे, सगळ्यांसमोर, मला आधी हेच टोचलं. अकरा वर्षांच्या पोरीचा मला हेवा वाटला. मग मी पिशवीतून निळं पाकीट काढून टेबलावर ठेवलं आणि सांगितलं की ही पत्रं माझी बहीण लिहिते.

 मग समितीतला एकजण म्हणाला, “त्याच ना, ज्यांनी प्रश्नपत्रिका फोडली?”

मुलीनं बापाचा हात धरला. मला दिसत होतं की आता मी गप्प बसले तर तुझ्या नावाबरोबर तीही बुडणार.

मी म्हटलं, “तिनं फोडली नव्हती. मी खोटं सांगितलं होतं.”

मोठ्या बाई म्हणाल्या, “आत्ता हे कशाला काढताय?” आवाज अगदी हळू. त्यांनाही ते प्रकरण मिटलेलंच हवं होतं.

मी सगळं सांगितलं, आणि तुलाही सांगायला हवं, कारण तुला यातलं अर्धंच माहीत आहे. प्रयोगशाळेमागच्या वाटेवर तू दहावीतल्या मुलीच्या हातात एक पाकीट देताना मी पाहिलं, एवढं खरं होतं. पाकिटातून छापील कागदाचा कोपरा दिसला, असं मी सांगितलं. पाकीट बंद होतं. मला काहीही दिसलं नव्हतं. तुला विचारलं तेव्हा तू आत काय होतं ते सांगायला नकार दिलास, आणि मी मनात म्हटलं, बघा, मी म्हणत नव्हते?

ती मुलगी पुढच्या वर्षी मला भेटायला आली होती. तिची नजर अधू होत चालली होती, घरी कळलं तर शाळा बंद करतील म्हणून लपवत होती. पाकिटात तू डोळ्यांच्या डॉक्टरांना लिहिलेली चिठ्ठी होती. तिनं गुप्त ठेवायची शपथ घातली होती, म्हणून तू बोलली नाहीस. उपचारानं तिचे डोळे सुधारले. ती माझ्यासमोर रडली, आता खरं काय ते शाळेला सांगा म्हणाली. मी सांगते म्हटलं. पाच वर्षं झाली. मी सांगितलं नाही.

समितीतल्या दुसऱ्या बाईंनी विचारलं, “पण यातून तुम्हाला काय मिळालं?”

“काही नाही. गैरसमज झाला होता,” मी म्हटलं.

बक्षीस तिच्याकडेच राहिलं. शिबिराची जागाही. मला पर्यवेक्षिकेच्या पदावरून उतरवलंय आणि चौकशी होईपर्यंत घरी बसायला सांगितलंय. वार्तापत्र आता चित्रकलेचे सर काढतील. तुझ्याबद्दलचा जुना शेरा रद्द करून शाळा तुला लेखी कळवणार आहे, तसं मी नोंदवहीत लिहून घेतलं. मोठ्या बाईंची सही होईपर्यंत तिथून हलले नाही.

निघताना मुलगी माझ्यापुढे येऊन उभी राहिली. आभार मानेल असं क्षणभर वाटलं.

“माझं पत्र,” ती म्हणाली आणि हात पुढे केला.

धाकटी


६ ऑक्टोबर

ताई,

काल तू आलीस. मला कोणी कळवलं नव्हतं. बक्षीस समारंभाला पालकांसोबत तुलाही बोलावलंय, हे मला शाळेच्या शिपायाकडून उडत उडत कळलं. मला शाळेत जायची परवानगी नाही, म्हणून मी वह्यांच्या दुकानाच्या सावलीत उभी होते. लपले होते म्हण हवं तर.

तू बारीक झाली आहेस. केस कापलेत. कुलूपवाल्यानं स्टूल पुसून दिलं आणि तू त्यावर न बसता पूर्वीसारखी जमिनीवरच बसलीस, दुकानाच्या उंबऱ्याशी. पुटपुटी हातवारे करून काहीतरी सांगत होती. तिला एवढं बोलताना मी पहिल्यांदा पाहिलं. तू मान हलवत होतीस, मधेच बोटानं हवेत काहीतरी खोडलंस. मग एकदा तू वर पाहिलंस, थेट माझ्या दिशेला. तुला मी दिसले की नाही याचा विचार मी काल दिवसभर केला. दिसले असेन तर तू हाक का मारली नाहीस? नसेन तर तिला माझ्याकडे कसं पाठवलंस?

कारण ती आली. रस्ता ओलांडून, दोन्हीकडे बघत, सरळ माझ्याकडे.

“त्यांनी निरोप दिलाय,” ती म्हणाली, आणि पाठ केल्यासारखं, डोळे मिटून सांगितलं. “पत्रं मिळाली. सगळी वाचली. प्रत्येक पत्रात तिसऱ्या पानापर्यंत ती मला फिरवते. अजून एक गोष्ट तिनं लिहिलेली नाही. ती पहिल्या ओळीत लिही म्हणावं, म्हणजे मी उत्तर देईन.”

“कुठली गोष्ट ते सांगितलं का?” मी विचारलं.

“नाही. तुम्हाला माहीत आहे म्हणाल्या.”

मी दुकानाकडे पाहिलं तोवर तू उठून शाळेच्या फाटकात शिरली होतीस. तिथे तिच्या नावाचा फलक पुन्हा लावला होता. आतून टाळ्या ऐकू येत होत्या. मी घरी परत आले.

हे पत्र पाठवू नये असं वाटतंय. पुन्हा तिसऱ्या पानावर आले आहे. तरी पाठवते, म्हणजे मी तिथे होते हे तुला कळेल.

धाकटी


७ ऑक्टोबर

ताई,

पर्यवेक्षिकेची जागा तुला मिळणार होती आणि ती मला हवी होती, म्हणून मी खोटं बोलले. गैरसमज कधीच झाला नव्हता.

पत्त्यावरचं अक्षर या वेळी माझं आहे.

धाकटी